बंद दिव्याचा तक्ता

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतून आलेला सरांचा आवाज मी लगेच ओळखला. चेहरा एक वेळ विसरेन, तो आवाज सात जन्मांत विसरायची नाही.

लेकीचा हात धरून ते तपासणीच्या खोलीत आले. केस पांढरे झालेले, ताठा तोच. मला काही त्यांनी ओळखलं नाही. "लायसन्ससाठी डोळ्यांचा दाखला हवाय," लेक म्हणाली. "नातीला शाळेत हेच सोडतात. आमचे बाबा म्हणजे देवमाणूस हो."

देवमाणूस म्हणे.

लहानपणी मला फळ्यावरचं अक्षर दिसत नव्हतं. इतरांना दिसतं हेच मला ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावरून डोळे बारीक करकरून बघायची, तर हेच सर म्हणायचे, "दिसत नाही म्हणजे काय? लक्ष नाही तुझं." मग हातावर पट्टी. मग उभं राहून 'मी ढ आहे' म्हणायचं. "मोठ्याने. पहिल्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे." शेवटी मी शेजारणीची कुजबुज ऐकून फळाच पाठ करायला लागले.

त्यामुळे चोराच्या वाटा मला ठाऊक. खोलीत अंधार केला, सरांचा एक डोळा झाकला आणि म्हटलं, "शेवटची ओळ वाचा." त्यांनी घडाघडा वाचली, एक अक्षर चुकलं नाही. आधीचा पेशंट वाचत होता तेव्हा बाहेर बसून कान देऊन सगळं पाठ केलं होतं. गोंधळ एवढाच झाला, की तक्त्यामागचा दिवा मी अजून लावलाच नव्हता.

लेकीनं मान खाली घातली. मी दिवा लावला, तक्ता बदलला. आता सरांनी मान पुढे काढून बघितलं.

"दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसत नाही म्हणजे काय? लक्ष नाही तुमचं."

हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. पण सर नुसते रुमाल चाचपत राहिले. त्यांना काही आठवलंच नाही. मी टॉर्च लावून बघितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अशा माणसावर कसला सूड उगवणार, पालथ्या घड्यावर पाणी. मला तर त्यांनी माझ्याकडे नीट बघायला हवं होतं.

मी दाखला नाकारला. ऑपरेशनसाठी चिठ्ठी मीच दिली, सर्जनला फोन मीच केला, थेंब कधी घालायचे ते लेकीकडून दोनदा वदवून घेतलं.

"किती करता हो तुम्ही बाबांसाठी," ती म्हणाली.

"सरांचे उपकार आहेत," मी म्हटलं.

दोन्ही डोळे झाल्यावर ते पुन्हा आले. नवा तक्ता, लावलेला दिवा. शेवटची ओळ त्यांनी खरीखुरी वाचली. मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला. मग खोलीतला मोठा दिवा लावला, माझा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

सर बघतच राहिले. उजवा हात गुडघ्यावर घासत हळूच म्हणाले, "तू मागच्या बाकावरची. तेव्हाही असेच डोळे बारीक करायचीस."

आजवर मी स्वतःची समजूत घालत आले होते, की चाळीस पोरांत त्यांच्या लक्षात आलं नसेल.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," मी म्हटलं.

सरांनी मान खाली घातली. दाराजवळच्या स्टुलावरून लेकीनं विचारलं, "काय झालं बाबा?"

"सांगा ना तिला," मी म्हटलं. "दाखला तुमच्या हातात आहे, तो काही मी परत घेत नाही. मी डोळे बारीक करायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"मारायचो," सर पुटपुटले.

मी चष्मा परत घातला. मला आता दोघंही स्वच्छ दिसत होते.

"मोठ्याने, सर. दारापर्यंत ऐकू आलं पाहिजे."