लीलाबाईनं नेलेले निरोप

बारावीच्या इंग्रजीत समीक्षा नापास झाली, त्या दिवसापासून विठ्ठलरावांनी पोरीशी बोलणं टाकलं. पोरगीही बापाचीच. तिनंही तोंड शिवून घेतलं. घरात माणसं तीन, त्यातली दोन अबोल्यात, म्हणून सगळे निरोप लीलाबाईच्या तोंडून जाऊ लागले.

"तिले सांग, जेवून घे म्हणा," बाप ओट्यावरून म्हणायचा.

"त्यायले सांग, भूक नाही," पोरगी आतून.

लीलाबाई ओट्यावर येऊन सांगायची, "जेवते म्हणे मागून." एवढ्यानं घर शांत राहतं, हे तिला नांदायला आल्यापासून ठाऊक.

फेरपरीक्षेसाठी मारेगावला कमलाकर सरांची शिकवणी लावली. लीलाबाई सोबत जायची, व्हरांड्यात बसायची. सर निवृत्त झालेले, पण आवाज अजून भरल्या वर्गातला.

"दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत सांगताना काळ एक पायरी मागं जातो. 'आहे'चं 'होतं' करायचं, 'मी'चा 'तो' करायचा. पण अर्थ जागचा हलता कामा नये. मनचं काही घातलं, की मार्क गेले!"

लीलाबाई उगाच रस्त्याकडे पाहू लागली.

समीक्षाला यवतमाळला नर्सिंगला जायचं होतं. एका सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेता घेता विठ्ठलराव म्हणाले, "पास झाली तं पाहू. पण पांढरकवड्याचं स्थळ चांगलं हाय. तिच्या मनात काय हाय, विचार."

लीलाबाईनं आत जाऊन सांगितलं, "बाबा म्हणतात, पास झाली की पाठवतो. स्थळाचंही म्हणत होते."

पोरीचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "खरंच? मग सांग त्यायले, मले लग्न करायचं नाही. आता तं अजिबातच नाही."

लीलाबाई बाहेर आली. विठ्ठलराव वाट पाहत उभे होते. "तुमी म्हणाल तसं, म्हणते," ती म्हणाली. ते समाधानानं वावराकडे गेले. पोरगी पास होते की नाही कोणास ठाऊक, झाली तर तेव्हाचं तेव्हा पाहू, असा तिनं विचार केला.

समीक्षा पास झाली. त्याच आठवड्यात विठ्ठलरावांनी साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस धरला. लीलाबाईनं ते पोरीच्या कानावर घातलंच नाही.

त्या दिवशी मांडव नव्हता, पण अंगणात खुर्च्या आल्या, तेव्हा समीक्षानं आईचा हात धरला. "बाबा पाठवतो म्हणाले होते ना? मग हे काय होय?"

लीलाबाईनं हात सोडवून घेतला. तिनं ओट्यावर जाऊन नवऱ्याला सगळं खरं सांगितलं.

"काहून केलं असं?"

"तुमी रागावले असते."

"रागावलो असतो. दोन दिवस." त्यांनी खिशातून फोन काढला. "जाय, तिले सांग. नको असन तं आत्ताच सांग म्हणा. पाहुण्यायची गाडी करंजीच्या फाट्यालेच असन अजून. मी फोन करतो."

लीलाबाई धावत आत गेली. ऐकलं तसं, एकही अक्षर न बदलता तिनं पोरीला सांगितलं.

समीक्षा रडता रडता हसली. "बाबा असं म्हणतील? माझं रडणं थांबावं म्हणून तू काहीही सांगशील, आई."

"देवाशपथ, पोरी! हेच म्हणाले."

"मग त्यायलेच येऊन म्हणू दे."

लीलाबाई पुन्हा बाहेर. "तुमीच या ना आत. तिचा माह्यावर विश्वास नाही."

"मी जाऊ? तीन महिने पोरीनं बापाशी एक शब्द टाकला नाही," विठ्ठलरावांचा आवाज चढला. "हो का नाही, एवढंच विचारलं ना? तेवढंही सांगणं होत नाही तिच्यानं?"

लीलाबाई परत आत आली. "हो का नाही, एवढंच सांग, माय माझी."

समीक्षा निऱ्या घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. "आता तू कोणाचं काही सांगूच नको," ती म्हणाली.

"काय म्हणे?" ओट्यावरून आवाज आला.

लीलाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडावर धरला. विठ्ठलरावांनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडी वळली. त्यांनी फोन खिशात घातला, टोपी सरळ केली आणि पाहुण्यांना सामोरे गेले.