छतातलं समुद्रगवत

ही १९८४ सालची गोष्ट. तेव्हा स्पेनच्या आमच्या फोर्मेन्तेरा बेटावर नवं घर म्हणजे सिमेंटच्या विटा आणि वर स्लॅब, असंच सगळे धरून चालत. त्या वर्षी एस्पेरान्सा येर्न या बहात्तर वर्षांच्या विधवेने जुन्या पद्धतीचं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा म्हातारीला चळ लागला असं लोक म्हणाले. चळबिळ काही नव्हता. तिच्या मुलाने, लुकने, सहा वर्षांपूर्वी तिला सिमेंटचं घर बांधून दिलं होतं. उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापे आणि हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटे. तिची छाती मुळातच नाजूक. आणखी एक हिवाळा या ओलीत काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काम मिळालं नेउस एस्कान्देलला. ही पोस्टमास्तरांची मुलगी, वय एकोणतीस, बार्सेलोनाहून आर्किटेक्ट होऊन आलेली. हे तिचं पहिलंच घर. जागेवर दगड मांडून तिने उन्हाच्या सावल्या मोजल्या. घराचं तोंड दक्षिणेला ठेवलं आणि पुढे खोल पडवी काढली, म्हणजे उन्हाळ्याचं ऊन बाहेरच थांबेल आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत येईल. उत्तरेला एकच छोटी खिडकी. भिंती इथल्याच दगडाच्या, हातभर जाड, चुन्यात बांधलेल्या. छताला जुनिपरच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर समुद्रातून किनाऱ्याला लागणारं समुद्रगवत वाळवून वीतभर, मग राख आणि वर चिकणमाती. छतावरचं पावसाचं पाणी अंगणातल्या टाक्यात. घर गरम करायला किंवा गार करायला एकही यंत्र लागू नये, असा तिचा हिशेब होता.

लुकने नकाशा पाहिला आणि म्हणाला, "आई, घर बांधतेयस की गोठा? गवत जनावरांच्या पुढ्यात टाकतात, डोक्यावर नाही."

"तुझ्या घरात सहा वर्षं शिजून निघाले," एस्पेरान्सा म्हणाली. "आता गोठ्यात झोपून बघते."

गवंडी होता शुमेउ मायान्स. बेटावरची निम्मी जुनी छतं त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातची. तो नेउसला मुद्दाम आर्किटेक्टबाई म्हणे, तिची प्रत्येक रेघ तपासून नाक मुरडे आणि मग मुकाट्याने तशीच भिंत उभी करी. सप्टेंबरअखेर तुळया चढल्या आणि तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शेजारच्या इबिसा बेटावर गेला. तीन आठवडे म्हणून गेलेला माणूस सहा आठवडे आला नाही. आमच्याकडचा हिवाळ्यातला पाऊस तोंडावर आला होता आणि छत उघडं होतं.

होड्या ओढून ठेवतात त्या किनाऱ्यावर कोळ्यांनी उन्हाळ्यात बाजूला सारलेला समुद्रगवताचा मोठा ढीग पडला होता. नेउसने त्यात हात घातला. गवत कुरकुरीत वाळलेलं होतं. तिने गाडी भरून ते आणवलं, शुमेउच्या दोन माणसांकरवी पसरवून घेतलं आणि वर माती चोपवली. कुणीही तिला हटकलं नाही. जे सगळ्यांनाच ठाऊक असतं ते आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. बेटावरच्या मुलीला हे माहीत नसेल, असं त्या दोघांच्या मनातही आलं नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी एस्पेरान्सा नव्या घरात राहायला गेली. दहा दिवस सुखाचे गेले. मग आग्नेयेचा दमट वारा सुटला. एका सकाळी तिने नेउसला बोलावून घेतलं. पाऊस पडलेला नव्हता, तरी तुळया घामेजल्या होत्या, त्यांवर पांढरे ओघळ उमटले होते आणि उशी ओली होती. म्हातारीचा खोकला परत आला होता.

त्याच आठवड्यात शुमेउ परतला. शिडीवर चढून त्याने फळीच्या फटीतून गवताची एक काडी उपसली, तोंडात घालून चावली आणि थुंकली.

"खारट आहे," तो म्हणाला. "याने एकही हिवाळा उघड्यावर काढलेला नाही, बाई. पावसाने मीठ धुऊन नेल्याशिवाय गवत छतात घालत नाहीत. मीठ हवेतलं पाणी ओढतं."

लुक खाली उभा होता. तो म्हणाला की बोललो होतो ना, ही जुनी थेरं अशीच. दोन आठवड्यांत सगळ्यावर स्लॅब घालून देतो. शिवाय हा म्हातारा आंधळा झालाय, त्याला काम द्यायलाच नको होतं. नेउस गप्प राहिली असती तर दोष गवताच्या आणि शुमेउच्या माथी गेला असता. घरावर स्लॅब चढला असता, आणि तो उन्हाळ्यात तापला असता.

"शुमेउकाकांनी हे गवत पाहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "मी आणलं. मला माहीत नव्हतं. पद्धत बरोबर आहे मावशी, चूक माझी आहे. सगळं छत उघडावं लागेल, आणि हे गवत पुढच्या वर्षाआधी वापरता येणार नाही."

एस्पेरान्सा बराच वेळ खोकली. मग तिने शुमेउला विचारलं, "तुझ्याकडे धुतलेलं किती आहे?"

त्याच्याकडे स्वतःच्या छतासाठी राखलेला साठा होता. गेल्या हिवाळ्याचा पाऊस खाल्लेला, एका खोलीपुरता.

"मग एक खोली कर," ती म्हणाली. "मी तरी कितीशी मोठी आहे?"

चार दिवसांत झोपायच्या खोलीचं छत उतरवून पुन्हा भरलं. पुसलेल्या तुळया आठवडाभरात सुकल्या. बाकीचं घर ताडपत्रीखाली राहिलं आणि खारं गवत कुंपणाच्या दगडांवर पावसात पसरून ठेवलं. तो हिवाळा एस्पेरान्साने त्या एका खोलीत काढला. चूल तिथेच, जेवण तिथेच, दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी. जानेवारीत खोकला उतरला. उरलेलं छत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात भरलं.

एस्पेरान्सा त्या घरात तेरा वर्षं राहिली आणि १९९७ साली वाटाणे सोलता सोलता गेली. ऑगस्टच्या दुपारी तिच्या पडवीत शेजारणींची गर्दी असे. शुमेउ १९९१ साली वारला. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचं छत तो एक हिवाळा गळकंच ठेवून राहिला होता, हे नेउसला त्याच्या बायकोकडून पुढे कळलं. लुकने सिमेंटचं घर पर्यटकांना भाड्याने दिलं आणि प्रत्येक खोलीत गार हवेचं यंत्र बसवलं. आईचं घर मात्र त्याने विकलं नाही. म्हातारपणी तो स्वतःच तिथे राहायला गेला. नेउसने एका पशुवैद्याशी लग्न केलं आणि बेटावर आणखी सतरा घरं बांधली, सगळी समुद्रगवताच्या छताची. आता तिच्याने शिडी चढवत नाही. पुतणी चढते आणि खालून नेउस सूचना देत असते. पुतणी त्यांतल्या निम्म्या ऐकते.