पडद्यावरचा पाळणा

"बसवून देणाऱ्याचं नाव आधी काढून टाक वं, हर्षा. नाही त तो घरजावयासारखा आतच राहून जाते," वरच्या मजल्यावरच्या वच्छलाकाकू म्हणाल्या, तेव्हा हर्षाने हसून त्यांच्यापुढे चहा सरकवला होता. कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या बाईला काकूंनी सुपारी कातरता कातरता शहाणपण शिकवावं, म्हणजे कमालच!

लकडगंजच्या दुकानातला विक्की वाडीला हर्षाच्या घरी येऊन हॉलमधल्या टीव्हीवर तो डॅशबोर्ड बसवून गेला होता. एकाच पडद्यावर सगळे चौकोन: गाणी, फोटो, सिनेमे, दारावरचा कॅमेरा आणि तान्ह्या भैरवीच्या पाळण्यावरचा. कुठला चौकोन कुठे आणि केवढा, हे आपल्या मनासारखं मांडायचं. हर्षाने गाणी मोठी ठेवली, पाळणा खाली कोपऱ्यात. पोर झोपली की हात कणकेत आणि नजर त्या कोपऱ्यावर.

मग मांडणी आपोआप बदलायला लागली. दुपारी ती हॉलमध्ये यावी, तर पाळणा पडद्याच्या मधोमध, हा एवढा. बाकीचे चौकोन बारीक होऊन दोन्ही कडांना. एक जरा आत, एक जरा बाहेर. तिने सगळं जागच्या जागी लावलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

कोणीतरी तिच्या लेकराकडे टक लावून बसलं होतं.

तिने विक्कीला फोन लावला. "ताई, मी काहून पाहू तुमचं बाळ?" तो म्हणाला. "माझ्या घरी दोन आहेत, त्यांच्याकडेच पाहायले टाइम नाही!" उत्तर इतकं तयार होतं, की संशय बळावलाच. ती दाराची कडी दोनदा तपासू लागली. शेवटी तिने कॅमेऱ्यावर ओढणी टाकली. थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांदेखत मधला चौकोन आणखी मोठा झाला, कोणी डोळे बारीक करून पुढे सरकावं तसा.

तिने पडद्याचा फोटो काढून नवऱ्याला, अभिजीतला पाठवला आणि सेटिंगमध्ये जाऊन, नावंसुद्धा न वाचता, आपल्याशिवाय सगळ्यांना काढून टाकलं.

अभिजीत कंपनीचा माल घेऊन रायपूरला गेला होता. त्याचा हसत हसत फोन आला. "अवं, ही त करवतकाठी साडी आहे!"

"काय?"

"दोन्हीकडं दातेरी काठ, मधात मोकळं अंग. आईनं जिंदगीभर हेच विणलं ना! मीच टॅबमध्ये हे टाकून देऊन आलो तिले दिवाळीत. तिले वाटते, तिच्याच टॅबवर बदलून राहिलं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं त हो म्हटली असती का वं तू? कालपरवा पोस्टमनवरही डाऊट होता तुले!"

उमरेडला एकट्या राहणाऱ्या हर्षाच्या सासूबाई, मैनाबाई, हातमागावर बसून नातीला पाहत होत्या. त्यांना आधी ओढणी दिसली असेल आणि मग पडद्यावर ठळक अक्षरांत: 'हर्षा यांनी तुम्हाला काढून टाकले आहे.'

तिने लगेच उमरेडला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"मागाच्या खटखटीत ऐकू येत नसन," तिने कळवल्यावर अभिजीत म्हणाला; पण आता त्याच्याही आवाजात हसू नव्हतं. मैनाबाईंचा फोन कायम मांडीवर असतो. पहिल्याच रिंगला "काय म्हणते माही भैरवी?" असं विचारतात त्या. रागावल्या असतील? की ओढणी दिसल्यावर नातीचं काही बरंवाईट झालं असं वाटून घाबरल्या, आणि त्यात त्यांनाच काही...

शेजारचा नंबर अभिजीतकडेही नव्हता. भैरवीला कडेवर घेऊन हर्षा निघाली आहे, पण उमरेड गाठेपर्यंत अंधार पडेल. म्हणून ती तुम्हालाच विनवते आहे: उमरेडच्या विणकर वस्तीत तुमचं कोणी असेल, तर मैनाबाईंकडे जरा डोकावून या. दार नुसतं लोटलेलं असतं.