उतारावरचा बंब

चेबुकोलाच्या अग्निशमन केंद्रातला एक नियम कुठल्याच कागदावर नव्हता, पण पाचही जणांना तोंडपाठ होता. बंब कधीही सपाटीवर उभा करायचा नाही.

बंबाचं नाव कुखू, म्हणजे आजी. कुठल्याशा परदेशी शहराने वापरून वापरून कंटाळल्यावर दान केलेली ही तेहेतीस वर्षांची लाल गाडी. पंप ठणठणीत, टाकी जराशी गळकी, आणि स्टार्टर चौदा महिन्यांपूर्वी जो मेला तो मेलाच. म्हणून कुखू केंद्रामागच्या उतारावर, तोंड खाली करून, पुढच्या चाकांना दोन दगड लावून उभी असायची. फोन आला की मुलोंगोने दगड ओढायचे, म्हाताऱ्या खाएम्बाने गाडी घरंगळू द्यायची आणि दुसऱ्या गियरात क्लच सोडायचा. कुखू खोकत खोकत उठायची. ऊस पेटला, वीजवाहिनी पडली, विहिरीत गाय पडली, कशालाही ती वेळेवर गेली होती.

केंद्रप्रमुख पेनिना नांजाला. पदापुढे ‘तात्पुरती’ असा शब्द होता आणि तो सहा वर्षं कायम होता. ती रोज सकाळी अहवालात लिहायची, ‘बंब : चालू’. चालत तर होताच. सुरुवातीला तिने स्टार्टरसाठी चार पत्रं धाडली होती. चौथ्याच्या सुमारास शेजारच्या सिबोती केंद्राची बातमी आली. तिथल्या प्रमुखाने सरळ मनाने ‘बंब नादुरुस्त’ असं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी मुख्यालयाने तो ओढून नेला, आणि वर्ष होत आलं तरी परत आला नाही. सिबोतीच्या केंद्रात आता सभांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात, आणि तिथला एक जवान बाजाराच्या फाटकावर पावत्या फाडतो. नांजालाने पाचवं पत्र लिहिलं नाही.

त्या गुरुवारी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अंदाजपत्रक समिती आली. चेबुकोलाचं केंद्र ठेवायचं की साठ किलोमीटरवरच्या मुख्यालयात विलीन करायचं, हे ती ठरवणार होती. विलीन झालं तर इथे आग लागल्यावर बंब दीड तासाने येणार, म्हणजे राख मोजायला येणार. अध्यक्ष सिकुकूसाहेबांनी बाजारचौकात तंबू ठोकवला आणि निरोप धाडला : बंब तंबूसमोर आणून उभा करा, फोटो काढायचेत.

“चौकात?” खाएम्बाचा तळलेला मांडाझी पाव चहात बुडालेला तसाच राहिला. “अगं, चौक म्हणजे निव्वळ ताट. तिथे गाडी बंद पडली तर मीच तिला पाठुंगळी घेऊ का?”

“बंद करायचीच नाही, बाबा,” नांजाला म्हणाली. “तुम्ही आत बसून राहा. तास-दोन तासांचा प्रश्न आहे.”

“आणि डिझेल?”

“माझ्या पगारातून.”

“तिचा पगार येऊ दे आधी,” मुलोंगो म्हणाला. मुलोंगो अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा. “तोवर डिझेलचं झाड लावू आपण.”

कुखू चौकात गेली आणि धडधडत उभी राहिली. भाजीवाल्या बायका, चांभार, मोटारसायकलवाले, सगळे तंबूच्या कडेला जमले. सिकुकूसाहेब बोलायला उठले, आणि त्यांचं एक वाक्य कुखूच्या आवाजात बुडालं, दुसरंही बुडालं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी फर्मावलं, सगळे जवान फोटोसाठी पुढे येऊ देत. “ड्रायव्हरसुद्धा! तो काय घोड्यावर बसलाय?”

खाएम्बाने नांजालाकडे पाहिलं. नांजालाने होकारार्थी मान हलवली, कारण दुसरं काय करणार? म्हातारा उतरून रांगेत आला. तेवढ्यात साहेबांचा सचिव, इस्त्रीच्या शर्टातला टापटीप माणूस, केबिनपाशी गेला, आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

कुखू हिसका देऊन गप्प झाली.

“आता बोला साहेब,” सचिव म्हणाला, आणि ती किल्ली त्याने अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवली.

 तोंड उघडायची वेळ हीच होती, आणि नांजालाने उघडलं नाही. फोन आठवड्यातून दोन-तीनदाच येतो, सभा संपली की बाजार उठल्यावर चार माणसं जमवून ढकलू, असं तिने मनाला समजावलं. मनही लगेच समजलं. इतकी वर्षं त्याला तीच सवय लागली होती.

“गेल्या वर्षी फोन किती आले?” साहेबांनी विचारलं.

“एकशे एकेचाळीस. त्यातले एकोणीस थापा.”

“माणसं?”

“पाच आहेत. बारा हवीत. दोन पाळ्या लावता येत नाहीत, कुणी आजारी पडलं की मीच नळी धरते.”

“बारा!” साहेब समितीकडे वळून हसले. “बाई, पाच जणांत भागतंय ना? मग बारा जण करणार काय, पत्ते खेळणार?”

तंबूतले हसले. मुलोंगो हसला नाही. तो चौकाकडे बघत होता, बंब आणि पहिला उतार यांच्यातलं अंतर नजरेने मोजत होता. चांगलं दोनशे पावलं होतं.

“नळ्या?”

“तीन. एक गळते, तिला सायकलची ट्यूब बांधलीय. तेलाची आग दाबायच्या फेसाचं एक पिंप आहे.”

“पण बंब उत्तम आहे.” साहेबांनी अहवालांचा गठ्ठा चाळला. “चालू, चालू, चालू. चौदा महिने एकही दिवस खंड नाही. वा! मग पैसे कशाला हवेत, हाच मला प्रश्न पडलाय.”

नांजालाची नजर किल्लीवर होती. आपल्याच अक्षरांनी आपला गळा धरलाय, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. केंद्राचा आपत्कालीन नंबर म्हणजे तिचाच मोबाईल. पलीकडे नदीच्या पुलाजवळ कणसं भाजून विकणारी बाई होती, आणि ती ओरडत होती. टँकर उलटलाय. पेट्रोल गटारातून धो धो वाहतंय. लोक कॅन, बादल्या, स्वयंपाकाची पातेली घेऊन धावतायत. “माझी शेगडी मी मातीने विझवलीय गं, पण इथे सगळे सिगारेटी ओढणारे आहेत! लवकर ये!”

नांजाला उभी राहिली. “साहेब, किल्ली द्या. पुलाजवळ टँकर उलटलाय, आणि लोक पेट्रोल भरतायत.”

“घ्या, घ्या,” साहेब खुलले. “चला, बघूच किती मिनिटांत निघता.” सचिवाने घड्याळ पुढे केलं.

किल्ली हातात आली. अजूनही एखादी थाप चालली असती, बॅटरी उतरली, डिझेल संपलं, काहीही. पण थाप रचायला लागणारी दोन मिनिटं पुलाजवळच्या माणसांची होती.

“बंब सुरू होणार नाही,” ती म्हणाली. “स्टार्टर मेलाय. उतारावरून ढकलला तरच उठतो.”

“अहवालात तर...” साहेबांनी गठ्ठा उचलला.

“अहवाल खोटा आहे. चौदा महिने खोटा आहे, मीच लिहिलाय. चौकशी उद्या करा. आत्ता उठा आणि ढकला.”

 मग मुलोंगो ओरडला, “साहेबांच्या गाडीने ओढू! साखळी आहे आपल्याकडे!”

“साहेबांची गाडी,” सचिव चाचरला, “बोकडाचं मटण आणायला गेलीय.”

“मग टाकीतलं पाणी सोडा, तीन टन हलकी होईल!” मुलोंगो म्हणाला.

“आणि तिथे जाऊन थुंकायचं का?” नांजालाने कोट फेकला आणि बंबाच्या मागे खांदा लावला. “बाबा, स्टिअरिंग धरा! मुलोंगो, माणसं आण!”

जवान लागले, चांभार लागला, मोटारसायकलवाले लागले. कुखू जागची हलेना. भाजीवाल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या, कमरेला कांग्याची फडकी आवळली आणि आल्या. चाकं वीतभर फिरली, थांबली. समितीचे दोघे आले. सिकुकूसाहेब तंबूच्या कडेला उभेच होते, हातात रुमाल.

“साहेब,” नांजाला धापा टाकत म्हणाली, “मागे एक जागा आहे.”

“मतं मागताना जोडता ना हात?” एक जाडजूड कोबीवाली ओरडली. “तेच लावा की इथे!”

चौकात हशा पिकला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोट सचिवाकडे दिला आणि हात लावले. फोटोवाला फोटो काढण्यासाठीच आला होता. त्याने आपलं काम केलं.

“एक, दोन, हो!” कुखू सरकली, मग चालू लागली, मग माणसांना तिच्यामागे पळावं लागलं. दोनशे पावलं अशी पळवल्यावर उतार लागला. खाएम्बाने क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि परत मेली. तशीच घरंगळत असताना म्हाताऱ्याने पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला. काळ्या धुराचा लोट नेमका साहेबांच्या तोंडावर आला आणि कुखू उठली.

नांजालाने धावतच पायरी पकडली. घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती.

पुलाजवळ दोनशेच्या वर माणसं होती. टँकर आडवा पडलेला, पोटातून पेट्रोल गळतंय, आणि बाया-बापे गटारावर वाकून भरतायत. पाठीवर लेकरं बांधलेल्या बाया होत्या त्यात. वासाने डोळे चुरचुरत होते.

“वारा पाठीशी घेऊन थांबा, वरच्या अंगाला,” नांजाला म्हणाली. “आणि बाबा, काही झालं तरी बंद करू नका. इथे एकच उतार आहे, आणि तो टँकरकडे जातो.”

“आणि वारा फिरला तर?”

“तर मागे घ्या. तरी बंद करू नका.”

तिने भोंग्यातून ओरडून पाहिलं. कुणी मान वर केली नाही. फुकटचं पेट्रोल सोडून कोण जातं? एकजण हसून म्हणाला, “मॅडम, तुम्हालाही एक कॅन भरून देऊ का?” आणि त्याच वेळी तिला तो दिसला. एक मोटारसायकलवाला, मागे चार कॅन बांधलेले, गटारापासून पाच पावलांवर. त्याने गाडीवर टांग टाकली होती आणि किक मारायला पाय उचलला होता.

“पाणी!” ती किंचाळली.

मुलोंगोने धार सोडली. माणूस एकीकडे, मोटारसायकल दुसरीकडे, कॅन गटारात. मग नांजालाने दुसरी नळी घेतली आणि दोघांनी मिळून ती सगळी गर्दी धुऊन काढली, म्हातारे न बघता, बाया न बघता. लोक पळाले, शिव्या देत पळाले. पहिला दगड बंबाच्या काचेला लागला, दुसरा नांजालाच्या खांद्याला. ट्यूब बांधलेली नळी फुटली. मध्येच वारा वळला आणि वास थेट इंजिनाकडे आला. खाएम्बाने गाडी हळूहळू मागे घेतली, बंद न करता, ओठ हलवत. देवाशी बोलत होता की कुखूशी, ते त्यालाच ठाऊक. टाकीतलं शेवटचं पाणी संपलं तेव्हा रस्ता रिकामा होता. फेसाचं पिंप टँकरवर रिकामं झालं.

आग लागली नाही. ठिणगीसुद्धा पडली नाही.

केंद्रात परतल्यावर साडेचार वाजता साहेबांचा फोन आला.

“तिथे काही झालंच नाही म्हणे.”

“नाही झालं.”

“मग एवढा तमाशा? लोक तक्रारी घेऊन आलेत माझ्याकडे, भिजवलं म्हणून.” मग आवाज मऊ झाला. “हे बघा बाई. तो ढकलतानाचा फोटो मी दाबून टाकतो. तुम्ही अहवालात नेहमीचं लिहा. तुमची नोकरी राहील, तुमचं केंद्र राहील. माणसांचं, नळ्यांचं पुढच्या वर्षी बघू. मला ढकलाढकलीत आणू नका म्हणजे झालं.”

“लिहिते,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

बाहेर मुलोंगो चाकांना दगड लावत होता. खाएम्बा दारात येऊन बसला. साहेबांचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

“चांगला सौदा आहे, पोरी,” तो म्हणाला. “गाडी चालली ना आज? मग ‘चालू’ लिही. खोटं काय त्यात?”

नांजाला खांदा चोळत होती. तिच्या डोळ्यांसमोर तो उचललेला पाय होता. “बाबा, अकरा मिनिटं. त्याने ती किक अकरा मिनिटं आधी मारली असती तर? आपण चौकात ढकलत असताना? मी रोज सकाळी ‘चालू’ लिहीत होते आणि त्या बायकांच्या पाठीवर लेकरं होती.” तिने अहवालाची वही पुढे ओढली. “मला लाज वाटते हो.”

“ओढून नेतील. सिबोतीसारखं होईल.”

“सिबोतीची गाडी लोकांनी कधी ढकलली नव्हती. ही न्यायची तर चौकातूनच न्यावी लागेल. त्या कोबीवालीला विचारून न्या म्हणावं.”

 म्हाताऱ्याने आपली पेन्सिल काढून दिली, कारण तिच्या पेनात पाणी गेलं होतं.

तिने लिहायला घेतलं. ‘बंब : नादुरुस्त. स्टार्टर चौदा महिन्यांपासून बंद. याआधीच्या नोंदी खोट्या आहेत, जबाबदारी माझी.’ ‘आजचा फोन : टँकर, पुलाजवळ. निघायला उशीर : अकरा मिनिटं. मृत : कोणी नाही.’ ‘मदत करणारे : बाजारातले लोक, समितीचे दोन सदस्य, आणि समितीचे अध्यक्ष माननीय सिकुकू. फोटो उपलब्ध.’

शेवटचा रकाना होता, ‘आवश्यक मनुष्यबळ’. सहा वर्षं तिथे ती एकच आकडा लिहीत आली होती. पेन्सिल जरा थांबली. मग तिने लिहिलं, आणि खाली स्वतःची पूर्ण सही केली :

‘विझवायला बारा. ढकलायला चाळीस.’