आत्या घरात नाही, असं भिंत म्हणते

"मी घरात नाही? मग ही खुर्चीत बसलीय ती कोण, माझं भूत?"

लोरेन आत्या फोनवर बाबाशी भांडत होती. अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि तेही घरात बसून. बाहेर बफेलो शहरभर गुडघाभर बर्फ. बाबाने पॅसेजमध्ये नवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावलाय. त्याच्यासमोर कोणी हललं नाही की तो ठरवतो, घर रिकामं. की घर गरम करणारा बॉयलर बंद! आत्या दिवसभर पुढच्या खोलीत हजार तुकड्यांचं चित्र जुळवत बसते. ती कशाला हलतेय? त्यात नुकताच न्यूमोनिया होऊन गेलाय तिला.

"दर अर्ध्या तासाने जाऊन हात हलव ना त्याच्यासमोर," स्पीकरवरून बाबा.

"मी भिंतीला टाटा करू, रेमंड?"

"अगं, गॅस कंपनीची शाबासकी येते मला फोनवर! अख्ख्या गल्लीत आपणच सगळ्यात कमी गॅस जाळला."

"मी मेले की बक्षीसच मिळेल तुला."

फोन आपटून माझ्याकडे वळली. "कॉरी, बॅग काढ माझी. तीनच्या बसने मैत्रिणीकडे, डोलोरेसकडे चालले. तिच्याकडे भिंतीवर थर्मोस्टॅटची साधी चकती आहे. फिरवली की गरम."

ती गेली की घरात बाबा आणि मी. म्हणजे उठता-बसता 'शाळा का सोडलीस'. माझं डोकंच सटकलं. बॅग काढलीच नाही. तळघरात जाऊन बॉयलरचा स्विच बंद केला आणि खिळ्यांच्या डब्यातून आमची आधीची जुनी चकती शोधली. घर शंभर वर्षांचं, भिंतीतून वायरी दोनच येतात. नव्या साहेबांना तिसरी लागते, म्हणून बाबाने पॅसेजभर चिकटपट्टी मारून एक ओढली होती. रोज कोणीतरी अडखळायचं. सगळं उपटलं. दोन वायरी, दोन स्क्रू, संपलं. स्विच चालू केला, चकती फिरवली. खाली बॉयलर धडधडला, खोल्यांतले ऊब देणारे रेडिएटर म्हाताऱ्यासारखे खोकायला लागले.

आत्याने रेडिएटरवर हात ठेवला. बराच वेळ. मग टोपी काढली.

"बॅग राहू दे," म्हणाली. "कॉफी टाक."

कॉफी टाकतोय तोच बाबाचा फोन.

"कॉरी, मला फोनवर घर दिसत नाहीये!"

"आहे तिथेच आहे."

"थर्मोस्टॅटला हात लावलास?"

"उपटला. घरात माणसं राहतात, बाबा."

"थांब तिथेच. येतो मी."

आत्या खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "येऊ दे त्याला. चकतीला हात तर लावू दे, मग बघते," म्हणाली आणि आकाशाचा एक निळा तुकडा बसवला. ती काही आता जात नाही.

बाहेर बाबाची गाडी लागली. तो आत यायच्या आधी मला मागच्या दाराने निघायला हवं.