तळघर, तिसरा मजला आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मला एकच चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. कितीही पाय मारले तरी मी जागची हलत नाही. काहींना त्याचे हसू येते. हसोत बापडे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कारागिराने माझे जड चाक बसवले, त्याने ते हाताने फिरवून, कान देऊन ऐकले आणि समाधानाने मान डोलावली. तेव्हापासून माझ्या आवाजाला कोणी नावे ठेवलेली नाहीत. पुढे एका महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत माझी स्थापना झाली. चाकावरचा पट्टा आवळून ते फिरवणे जड केले की भलेभले खेळाडू माझ्यापुढे घाम गाळत. मग चकचकीत पडद्यांची यंत्रे आली आणि माझ्या वाट्याला खिडकीजवळचा कोपरा आला. माझ्या दांड्यावर ओले पंचे आणि दप्तरे लटकू लागली. घरच्या वडीलधाऱ्या बाईला खुंटी समजावे, तसलाच हा प्रकार! मी तो मुकाट्याने सोसला.

त्या कोपऱ्यातून मला ताईने बाहेर काढले. ती तिथली संशोधक विद्यार्थिनी. कोणत्या व्यायामाने तरुणांची बुद्धी अधिक तल्लख होते, हे तिला शोधायचे होते. काही मुले माझ्यावर पाय मारीत, काही तळघरात वजने उचलीत, काही नुसती खुर्चीत बसून राहत. मग सर्वांची परीक्षा माझ्याच खोलीत होई. निळ्या शाईत ‘लाल’ असे लिहिलेले असे. शब्द न वाचता शाईचा रंग झटपट सांगायचा. वाटते तितके ते सोपे नाही.

तळघरातल्या मुलांवर ताईच्या धाकट्या भावाची देखरेख होती. त्याचे पिळदार दंड पाहून ताई त्याला ‘दंडाधिकारी’ म्हणे. तो मला आजीबाई म्हणे.

“ताई, तुझी आजीबाई दिवसभर पळते आणि दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.”

“तू वजन उचलतोस आणि परत तिथंच ठेवतोस. तू कुठं पोचलास?”

पण निकाल लागला तो दंडाधिकाऱ्याच्या बाजूने. वजने उचलणारी मुले सर्वांहून पुष्कळ पुढे निघाली. ताईचे मार्गदर्शक सर खूश झाले. असा ठळक निष्कर्ष परीक्षकांपुढे मांडला, तर विभागातली रिकामी जागा ताईलाच मिळणार, असे त्यांनी बोलून दाखवले. घरी दोघांच्या आईने तर ते शेजारणीला सांगूनही टाकले.

ताई भाषणाची तालीम करीत होती, त्या दुपारी भाऊ धापा टाकीत वर आला आणि मला टेकून फुशारकी मारू लागला.

“आमची पोरं वजनं उचलून वर चार मजले जिना चढून येतात. तुझी सायकलवाली उतरतात आणि लगेच खुर्चीत बसतात. जिंकणार कोण, सांग ना.”

ताई थांबली. हातातले कागद तिने टेबलावर पालथे ठेवले. बुद्धी तरतरीत झाली ती वजनांनी की जिन्याने, हे आता कोण सांगणार? लिफ्ट बंद असल्याने मुले जिन्याने येतात, हे सर्वांना ठाऊक होते. पण जिना हाही व्यायामच, हे एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

सरांनी तिची समजूत घातली. एवढ्या बारकाईने कोणी विचारणार नाही, म्हणाले.

“मी विचारलंय, सर,” ताई म्हणाली.

मग सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. परीक्षेचे टेबल तळघरात गेले. माझी पाठवणी भावाने आणि त्याच्या मित्रांनी केली; जिन्याच्या प्रत्येक वळणावर माझे वजन त्यांना नीट कळले. आता प्रत्येकाने व्यायाम संपवून सारखीच विश्रांती घ्यायची आणि तिथेच परीक्षा द्यायची. दरम्यान विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली. आई काही दिवस ताईशी मोजकेच बोलली.

नव्या निकालात वजनांची मोठी आघाडी विरून गेली. रंगांच्या परीक्षेत माझी मुले किंचित पुढे होती. खुर्चीत नुसती बसून राहिलेली मुले मात्र दोन्ही गटांच्या मागे राहिली. फरक बोटभरच होता, पण खरा होता. परीक्षकांनी विचारले, मग श्रेष्ठ व्यायाम कोणता?

“इतक्या थोड्या मुलांवरून ते सांगता येणार नाही,” ताई म्हणाली. “नुसतं बसून राहण्यापेक्षा दोन्ही बरे, इतकंच मी छातीठोक सांगते.”

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिची पदवी मंजूर केली. त्या संध्याकाळी आईने स्वतः येऊन तळघर पाहिले आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

तर मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल, तर तिच्यावर कपडे वाळत घालू नका. तिच्या साखळीला तेल द्या, बैठकीवरचा घाम पुसा. आणि एखादे उत्तर अगदी तुमच्या मनासारखे आले, तर हुरळून जाण्याआधी ते एकदा पुन्हा तपासा. माझे सांगून झाले. आता उठा.