शर्यत झाल्यावर सांगू

राजश्री खोटं बोलायची. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, मला कळतं. पण चोवीस वर्षं संसार केलाय तिच्याबरोबर, एवढा हक्क मला आहे. धडधडीत खोटं बोलायची, आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

मी भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड दाखवायचे आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. मला 'साधारण', 'अंदाजे', 'जवळपास' असले शब्द ऐकले की डोकं तडकतं. किती ते सांगा. अशा माणसाला एका प्राथमिक शिक्षिकेने अकरा वर्षं खोटी मापं सांगून फिरवलं, हे माझ्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी माझी बदली केली असती.

चाळिशीत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. बाकीचे लोक भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जातात. मी जाड टायरची सायकल घेतली आणि सड्यावर, गावावरच्या कातळी पठारावर, चढलो. वर्षभरात तिचं वेड लागलं आणि दुसऱ्या वर्षी पहिली शर्यत केली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, कातळावरून आणि झाडीतून अकरा किलोमीटरचा एकच फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. ज्याचे फेरे जास्त, तो पुढे. यात मजा काय, असं मला विचारू नका. सातव्या फेऱ्यात हा प्रश्न मलाही पडतो.

हँडलवरच्या मीटरकडे बघता बघता मी दोनदा करवंदीच्या जाळीत गेलो. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी राजश्री मीटर काढून घ्यायची, घड्याळही. वेळ किती उरला, पुढचा किती पुढे आहे, सगळं तिच्याकडून कळायचं. फेरा संपतो तिथे ती छत्री उघडून बसलेली असायची. डब्यात मेतकूट घातलेला मऊ भात, बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. मी चार घास गिळायचो, ती पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "पुढचा माणूस चारच मिनिटांवर आहे हो. पार दमलाय. तोंड बघवत नव्हतं त्याचं." मी जीव तोडून पायडल मारायचो. नंतर कळायचं, तो अर्ध्या तासाने पुढे होता आणि केळं खात गाणं म्हणत गेला होता.

मी चिडायचो. ती म्हणायची, "खरं सांगितलं असतं तर गेला असतात का?"

रविवारी शर्यत नसली तरी सायकल असायचीच. तेव्हा बरोबर मनू. मनस्विनी, आमची एकुलती एक. आता वीस वर्षांची आहे. नवव्या वर्षापासून माझ्या मागे सड्यावर यायची. पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवायला मीच बाबांना शिकवलं म्हणायची, आणि ते खरंही आहे. गुरं राखणारी एक येसूबाई आम्हाला नेहमी भेटायची. दर वेळी विचारायची, "एवढा उन्हातानाचा फिरताव ते कशाला? गोरू हरवलाय काय?"

एकदा एप्रिलमध्ये वाट चुकून आम्ही कुणाच्या तरी हापूसच्या बागेत शिरलो. राखणदाराने आंबेचोर म्हणून आम्हाला धरलं, सायकलींना साखळी घातली. मनूने आईला फोन केला. राजश्री रिक्षाने आली, राखणदारालाच झापलं. "सरकारी मोजणीला आलेत साहेब. गाडी जात नाही तुमच्या बागेत म्हणून सायकलने आले. नाव काय तुमचं?" त्या बिचाऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि वर पिशवीभर आंबे दिले. रिक्षात बसल्यावर मायलेकी हसून हसून रडल्या. मला भयंकर लाज वाटत होती, पण आंबे मीही खाल्ले.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली शर्यत वेगळी होती. मी पन्नाशी पार केली होती आणि मला बारा फेरे पुरे करायचे होते. त्याआधी कधी दहाच्या वर गेलो नव्हतो. वर्षभर पहाटे चारला उठलो. मटण सोडलं, लग्नकार्यांना गेलो नाही, घरात दुसरा विषय नसायचा. आता आठवलं की माझी मलाच किळस येते. त्या दिवशी राजश्री नेहमीसारखी छत्री उघडून बसली होती. बाटली डाव्या हाताने देत होती. मी पाहिलं आणि विचारलं नाही. मला फेऱ्यांची पडली होती. बारा फेरे झाले. तिने आणि मनूने मला सायकलवरून अक्षरशः उतरवून घेतलं.

दोन दिवस मला झोपू दिलं. मंगळवारी संध्याकाळी चहा पिताना म्हणाली, "अहो, मला जरा कोल्हापूरला न्याल का? छातीत गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या लगेच करा म्हणून लिहून दिलंय."

"कधी लिहून दिलं?"

"दिवाळीच्या आधी."

मी अडीच महिने मोजले. मोजायला किती वेळ लागतो. विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? ती म्हणाली, "कुणाला नाही. माझंच चुकलं. म्हटलं, तुमची शर्यत तेवढी होऊन जाऊ दे."

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. आजारी बायकोवर ओरडलो, हेही सांगून टाकतो. कप फेकला. ती खाली बसून काचा गोळा करायला लागली, तेव्हा कुठे मी भानावर आलो.

पुढचं सगळं कोल्हापूरला. केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. शनिवारी घाट चढायचा, सोमवारी उतरायचा. गणपतीनंतर दहा दिवसांनी ती गेली.

तिच्या दिवसकार्यानंतर मी एकदा तिथल्या डॉक्टरीणबाईंना भेटायला गेलो. मनू हट्टाने बरोबर आली, तिला बाहेर बसवलं. मी विचारलं, अडीच महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, असं नक्की नाही सांगता येत. मी म्हटलं, "बाई, मी मोजणी खात्यातला माणूस आहे. मला अंदाज सांगू नका, आकडा सांगा." त्यांनी राजश्रीची फाईल पुन्हा उघडून चाळली. मग म्हणाल्या, "दिवाळीत आला असतात तर लिव्हरपर्यंत गेलं नसतं असं मला वाटतं. वाचण्याची शक्यता निम्मी तरी होती. कदाचित जास्तच."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो. मनूने काही विचारलं नाही. हा आकडा मी कुणालाही सांगितला नाही.

तेव्हापासून मला दुःख होतं, पण त्याहून राग जास्त होता. राजश्रीचा राग. माझा राग. चुलीत गेले ते बारा फेरे. सायकल मागच्या पडवीत टाकून दिली. आणि इकडे मनू हळूहळू माझ्या हातातून निसटत होती. माझ्याशी बोलत नसे. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. कॉलेजची परीक्षा दिलीच नाही. गालफडं बसली. राजश्रीची मोठी बहीण, चिपळूणच्या हेमाताई, आठवड्याला फोन करायच्या. म्हणायच्या, "भास्करराव, पोरीकडे बघा. अशीच राहिली तर तीही जाईल हो तुमच्या हातची." मला वाटत होतं, ती माझ्यावर ठपका ठेवतेय. शर्यत माझी होती. ठेवला तर काय चुकलं?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी तिला म्हटलं, उद्या सड्यावर जाऊया. ती नाही म्हणणार, हे धरूनच विचारलं होतं. ती म्हणाली, "चल."

सकाळी टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल घातलं, निघालो. सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं होतं. ती पुढे, मी मागे. कितीतरी महिन्यांनी तिला सायकलवर बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, तेवढ्यात चिरेखाणीच्या बाजूचा उतार आला. सुट्या दगडांचा, उभा. तिथे आम्ही दोघंही ब्रेक धरून उतरतो. काही जागी तर हातात सायकल धरून. मनूने ब्रेक धरलाच नाही. मी ओरडलो. ती वेग कमी करेना, पाय टेकेना, नुसती सुटली. अर्ध्यात पुढचं चाक दगडावर चढलं आणि ती उडून बाजूला पडली. दोन हात पलीकडे खाणीची कड होती.

मी सायकल टाकून धावत गेलो. कोपर सोललं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. ती उठून बसलेली, समोर बघत.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी रुमाल काढून तिच्या गुडघ्यावर धरला. "आई गेली. आता तूही जा. मी एकट्याने काय करू, ते सांगून जा."

"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"आईच्या गाठीचं. दिवाळीआधी मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "घरी येताना रिक्षात आई म्हणाली, आजच सांगूया का बाबांना? मी म्हटलं, थांब ना. वर्षभर मरमर मेलाय तो. सगळं सोडून कोल्हापूरला बसेल. शर्यत झाल्यावर सांगू. आई लगेच हो म्हणाली. मी म्हटलं म्हणून थांबली ती."

म्हणजे त्या मंगळवारी, चहा पिताना, राजश्री मला 'कुणाला नाही' म्हणाली, तेही खोटंच होतं. मी तिच्यावर ओरडत होतो आणि ती पोरीला पाठीशी घालत होती.

"तू त्या डॉक्टरांना विचारलंस ना," मनू म्हणाली, "आधी आलो असतो तर काय झालं असतं ते? मी बाहेर होते. काय म्हणाल्या त्या?"

आयुष्यात मी कधी खोटं माप सांगितलेलं नाही. लोकांनी घरी आंब्याच्या पेट्या आणून ठेवल्या, भावाभावांनी धमक्या दिल्या, मी बोटभरही दगड सरकवला नाही. आणि खरंच सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. माझ्याच पोरीचा. निम्मी शक्यता. रिक्षातल्या एका वाक्यापायी. तो राग इतका आला की मी तिच्या गुडघ्यावर धरलेला रुमाल आवळला आणि ती कळवळली.

मग मी म्हटलं, "काही फरक पडला नसता म्हणाल्या."

"खरंच?"

"दिवाळीतच लिव्हरपर्यंत गेलेलं होतं. आधी आलो असतो तरी एवढंच झालं असतं."

ती माझं तोंड निरखून बघत होती. आईची लेक आहे, खोटं तिला लगेच ओळखता येतं. "मग बाहेर येऊन एवढा का रडलास?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "आपल्या हातात काहीच नव्हतं, हे ऐकून."

तिने मान खाली घातली आणि रडायला लागली. सप्टेंबरपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला जवळ घेऊन त्या दगडांत बसून राहिलो. ऊन चांगलंच वर आलं. रुमाल रक्ताने भिजला होता, तो पिळून पुन्हा बांधला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भूक लागलीय."

घरी येऊन मी डाळ-भात टाकला. ती दोनदा भात मागून जेवली आणि पलंगावर आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. चार वाजता हेमाताईंचा फोन आला. झोपण्याआधी मनूने त्यांना मेसेज केला होता म्हणे.

"मनूने कळवलं, भास्करराव," त्या म्हणाल्या. "आधी नेलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणे. खरं आहे का हो? मी रोज तेच घोकत होते. म्हटलं, माझी बहीण हकनाक गेली की काय."

"खरं आहे," मी म्हटलं. "आधीच पसरलेलं होतं."

दुसऱ्यांदा सांगताना आवाज कापला नाही. त्या रडल्या, मग म्हणाल्या, चला, एवढं तरी मनावरचं ओझं उतरलं. मी हो म्हटलं. फोन ठेवला, मनू जागी होऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि ओट्याला धरून उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंचा आकडा आता मला कुणालाच सांगता येणार नव्हता. ज्या एका माणसाला सांगता आला असता, ती राजश्री होती.